रिकाम्या रकान्यातले मामा

श्रीगोंदा,
बुधवार

ती. आप्पासाहेब यांच्या पायांवर सूर्यभानने डोकं ठेवलं आहे, असं समजून पुढचं वाचावं. (प्रत्यक्ष ठेवायला श्रीरामपूरला आलो होतो, पण तुम्ही दार उघडलं नाही.) फोन तुम्ही उचलत नाही, मेसेजला उत्तर देत नाही, म्हणून पोस्टाचा आधार घेतला. इकडे सर्व ठीक. तुमचे गुडघे काय म्हणतात? नव्या डॉक्टरांचा गुण आला का? उसाला तोड मिळाली का? आमच्या उसाला तुरे आले, तोड काही आली नाही. असो.

आमच्या राजेश्वरीच्या लग्नात तुमचा, म्हणजे नवरीच्या सख्ख्या मामाचा, सत्कार राहिला. तो कसा राहिला हे तुम्हाला अजून कोणी नीट सांगितलेलं नाही. आपल्याकडे मुहूर्त टळला तरी चालतो, पण स्टेजवर नाव पुकारून टोपी-टॉवेल झाला नाही तर माणूस तीन पिढ्या लक्षात ठेवतो. म्हणून या लग्नात मानकऱ्यांची यादी करायला माझा पुतण्या आदिनाथ पुढे सरसावला. तो पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. (त्याची आई ही गोष्ट कोणाला अज्ञात राहू देत नाही.) म्हणाला, काका, मानकऱ्यांचा क्रम लावणं हे काय माणसाचं काम आहे? मी पायथनमध्ये प्रोग्राम लिहून लावून देतो. पायथन म्हणजे अजगर, हे मला नंतर कळलं.

त्याने मला समजावलं ते असं. गाव म्हणजे मोठा डबा. त्या डब्यात भावक्यांचे छोटे डबे, भावकीच्या डब्यात माणसं, आणि प्रत्येक माणसाच्या आत पुन्हा नाव, पद, किती काळ पदावर, असे कप्पे. पहिल्यांदा प्रोग्राम चालवला तर फक्त मोठे डबे रांगेत लागले. गावं सगळी ओळीत उभी, आतली माणसं मात्र जत्रेसारखी. मी ते दाखवलं तर आदिनाथ माझ्याकडे दयेने बघून म्हणाला, "नेस्टेड आहे काका, आत शिरावं लागतं." मग तो आत शिरला. सगळे डबे एका पातेल्यात रिकामे केले आणि हुकूम सोडला, की जो जास्त काळ पदावर तो आधी. तेवढ्यात वऱ्हाडाच्या गाड्या आल्या. मी पाहुण्यांच्या स्वागताला धावलो आणि क्रम कोणी डोळ्यांखालून घातलाच नाही.

निवेदक शिर्डीहून भाड्याने आणलेला. गावातलं कोणी त्याच्या ओळखीचं नाही, त्यामुळे मोबाईलवर दिसेल ते तो भक्तिभावाने वाचत होता. पहिलं नाव आपल्या भिमाजीचं येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. दूध डेअरीचा चेअरमन, तोही चाळीस वर्षे. माईक खरखरला तेव्हाच तो खुर्चीतून अर्धा उठला होता. आणि नाव आलं गोरक्षनाथचं. तरुण मंडळाचा उपाध्यक्ष, नऊ महिने. तो बिचारा पंगतीची आमटी ढवळत होता, पळी हातात घेऊनच स्टेजवर आला आणि फेटा बांधून घेताना इकडे तिकडे बघत राहिला. भिमाजी अर्धा उठलेला तसाच अर्धा राहिला. पूर्ण उठावं तर नाव नाही, बसावं तर सगळं गाव बघतंय.

झालं होतं असं, की मी 'नऊ महिने' आणि 'चाळीस वर्षे' असं लिहून दिलेलं आदिनाथने आकड्यांत, पण मजकूर म्हणूनच भरलं. यंत्राने संख्या वाचलीच नाही, नुसती अक्षरं वाचली. पहिलं अक्षर नऊ, ते चारापेक्षा मोठं, विषय संपला. चाराच्या पुढचं शून्य बघायची त्याला गरज वाटली नाही. (पुण्याला शिकलेलं यंत्र.) त्याहून घात पुढे होता. तुमच्या नावापुढे पदाचा आणि काळाचा रकाना रिकामा. तुम्ही सोसायटीची निवडणूक लढवली होती हे खरं, पण पडलेल्या निवडणुकीसाठी आदिनाथने रकाना ठेवला नव्हता. आणि रिकामी जागा उतरत्या क्रमात सगळ्यात शेवटी जाते, असा त्या शास्त्राचा नियम आहे. हे तर आपल्या तालुक्याचंही शास्त्र आहे, त्यासाठी अजगर कशाला पोसायचा?

साउंडवाल्याचाही सत्कार झाला, आणि तुमचं नाव यायच्या आतच भटजी म्हणाले मुहूर्त चालला, आता पुरे. मग माईकवरून हाक गेली, नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन यावे. दोनदा गेली, तीनदा गेली. तुम्ही मांडवामागे जीपमध्ये बसून होता. आमची सत्यशीला तुमच्याकडे आली तेव्हा मी मागेच उभा होतो. ती एवढंच म्हणाली, "दादा, पोरगी थांबलीय." तुम्ही उतरलात, राजेश्वरीला हाताला धरून आणलंत, मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या मागे न हलता उभे राहिलात, अक्षता टाकल्यात आणि न जेवता निघून गेलात. आदिनाथला त्या वेळी मी जे बोललो ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

आपला,
सूर्यभान

ता. क. आदिनाथने प्रोग्राम दुरुस्त केला आहे. करणच्या लग्नात फुकट लावून देतो म्हणतो. तुम्ही बाप आहात, निर्णय तुमचा.

ता. क. २. वरचं सगळं कॉम्प्युटरबद्दल झालं. पत्राचं खरं कारण निराळं आहे. भाऊ उपाशी गेला म्हणून सत्यशीलाने लग्नातलं गोड अजून तोंडात घातलेलं नाही. माझ्याशी बोलते, पण 'ताट वाढलंय' यापलीकडे नाही. हे पत्र तिला माहीत नाही. येत्या रविवारी जेवायला या. शाल आणून ठेवली आहे. सत्कार तुमचा एकट्याचाच आहे, म्हणजे क्रमाचा प्रश्नच येत नाही.

ता. क. ३. पाकीट चिकटवणार तोच आमच्या आक्काबाईला, म्हणजे नवरीच्या आत्याला, रविवारचं कुठून तरी कळलं. तिलाही पद नाही, त्यामुळे तिचाही सत्कार राहिला होता. तीही येते आहे. आधी मामा की आत्या, हे तुम्ही दोघांनी आपसात ठरवूनच उंबऱ्यात पाऊल टाकावं. मी आणि आदिनाथ त्या वेळी उसात पाणी धरायला गेलेलो असू.