तीनशे बारा नोंदींचा गोषवारा

३ नोव्हेंबर, सकाळी ५.४०
लेकीच्या, पूजाच्या, सांगलीच्या कंपनीचं काम आजपासून सुरू. त्यांचं नोंदी ठेवायचं ॲप आहे. त्यात एक एआय एजंट आहे, म्हणजे सांगितलेलं काम करणारा कारकून. त्याच्या हाताखाली चौदा टूल्स. कोणतं टूल काय करतं आणि कधी वापरायचं, हे मराठीत लिहून द्यायचं. तो तेवढंच वाचून ठरवतो. पूजा म्हणाली, अप्पा, तुम्हाला जमेल, वेळही जाईल. वेळेचा प्रश्नच नाही. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं टिपण्या लिहिल्या. त्यांना जाणत्या माणसाची गरज आहे, हे उघड आहे.
दुपारपर्यंत चौदाही संपवणार. मग बायकोच्या, दीपमालाच्या, नोंदी वाचायला घेणार. ती याच ॲपमध्ये फोनला सांगून लिहायची. ३१२ आहेत. जूनमध्ये ती गेली, तेव्हापासून वाचायच्या राहिल्यात. सवड नव्हती.

३ नोव्हेंबर, संध्याकाळ
दोन झाली. राजवाड्याच्या बाजारात चार वेळा जाऊन आलो. दूध, कोथिंबीर, परत दूध, हवा. नोंदी उद्या.

५ नोव्हेंबर
चौदा पूर्ण. पाठवली. नमुना: 'सदर टूल विस्कळीत नोंदींना आवश्यकतेनुसार सुटसुटीत स्वरूप देते.' बोट ठेवायला जागा नाही.
शेजारच्या नानासोंना वाचून दाखवलं. माजी सैनिक. म्हणाले, लालासाहेब, लय भारी हाय, पर त्यानं करायचं काय? आमच्यात डावीकडं वळ म्हंजे डावीकडं वळ. तुमच्या हुकमावर सगळी पलटण जागंवरच हुबी ऱ्हाईल.
फौजेत टिपणीची परंपरा नसते.

६ नोव्हेंबर
पूजाचा फोन. क्रम लावायचं टूल आणि गोषवारा करायचं टूल, दोन्हींना तेच वाक्य लिहिलंय म्हणाली. एजंटानं निवडायचं कसं? आणि गोषवाऱ्यानंतर मूळ नोंदींचं काय होतं, ते का लिहिलं नाही? मी सांगितलं, गोषवारा फाईलच्या वर लागतो, फाईल खाली राहते. शिपायालाही माहीत असतं. ती म्हणाली, आमच्यात राहत नाही अप्पा, मूळ नोंदी जातात. तेच तर लिहायचंय. मग म्हणाली, जेवलात का?
जेवलो म्हणालो. मग जेवलो.

८ नोव्हेंबर, सकाळी ७
वाक्य बदललेलं नाही. चांगल्या कारकुनाला संदर्भावरून कळतं. हे सिद्ध करायचं ठरवलं. पूजानं फोनवर टेस्टचं ॲप टाकून दिलंय. खोट्या नोंदी करून चालवा, गेलेलं परत मिळत नाही, असं बजावलंय. खोट्या नोंदी कोण करत बसणार? दीपमालाचं खातं आहेच, त्यातही उघडतं. तारखेनं लागल्या की पहिलीपासून सलग वाचता येतील. विस्कळीत असताना वाचणं योग्य नव्हतं. पाच महिने थांबलो ते यासाठीच.
एजंटाला सांगितलं, नोंदी नीट लावून ठेव.
चार सेकंदांत झालं. हुशार आहे.

८ नोव्हेंबर, सकाळी ७.१०
३१२ च्या जागी एक आहे.
'किराणा, गॅस, औषधे व नातेवाइकांचे वाढदिवस यांविषयी घरगुती नोंदी. एका व्यक्तीचा "हे", "ह्यांना" असा १८७ वेळा उल्लेख. व्यक्तीचे नाव नमूद नाही.'
विचारलं, ह्यांच्याबद्दल काय लिहिलं होतं? उत्तर आलं, मूळ नोंदी उपलब्ध नाहीत. आणखी काही मदत करू का?

९ नोव्हेंबर
सांगलीला गेलो. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. उंब्रजला उतरून परत फिरणार होतो, पण जागा खिडकीची होती.
पूजानं दोन तास शोधलं. मिळालं नाही. ओरडली नाही. ओरडायला हवी होती. निघताना म्हणाली, आईनं मला सांगून ठेवलं होतं, तुझे अप्पा सावकाश वाचतील, मागं लागू नकोस.

१० नोव्हेंबर
गोषवाऱ्याचं टूल नव्यानं लिहून पाठवलं. 'सगळ्या नोंदींची एकच नोंद करते. मूळ नोंदी कायमच्या जातात. फक्त क्रम लावायचा असेल तर हे वापरू नकोस. वापरण्याआधी माणसाला विचार.'
पूजानं एका मिनिटात मंजूर केलं. एकतीस वर्षांत माझी कुठलीही टिपणी इतक्या लवकर सही होऊन आली नाही.

१२ नोव्हेंबर, सकाळी ६
निर्णय घेतला. त्या १८७ ठिकाणी तिनं काय लिहिलं असेल, ते आठवून परत लिहिणार. चौतीस वर्षांचा संसार, स्वतःबद्दलची माहिती, अवघड काय? दिवसाला वीस धरल्या तर दहा दिवसांत संपेल.
१. ह्यांच्या बीपीच्या गोळ्या संपल्या.
२. ह्यांना वांगं नको.
३. ह्यांना

१२ नोव्हेंबर, सकाळी ९
तिसऱ्यावर अडलोय. पूजाला फोन करून विचारलं. ती म्हणाली, अप्पा, तुमचं काही विचारायचं असलं की मी आईलाच विचारायचे.
मीही.