कोरं शपथपत्र

३ मार्च १९९४

निघालं! विकास नगरच्या घरांच्या लॉटरीत ह्यांचं नाव निघालं. अर्ज दोन वर्षांपूर्वी मीच भरला होता. हे लाइनवर जायच्या गडबडीत, एक बूट पायात नि एक हातात, अशी सही करून गेले. कशावर करतोय तेही बघितलं नव्हतं.

जूनअखेर हे रिटायर होणार, मग रेल्वेचं क्वार्टर सोडायचं. लेकीचं, शिवांगीचं कॉलेज इथेच, ह्या हिंदी मुलखात. कुठे जाणार होतो आम्ही? हे मात्र "अच्छा" म्हणाले आणि पेपर उघडून बसले. माणूस आहे की रूळ!

६ मार्च

घर बघून आलो. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे हातभर अंगण. ओटा बुटका आहे, पण माझा आहे! शिवांगी म्हणाली, "मम्मी, आगे वाला कमरा मेरा." मराठीत माग, मग देते, म्हटलं. देवांचा कोपरा ठरवला. हे फाटकापाशीच उभे. आत या म्हटलं तर म्हणे, तू बघ, मी इथेच बरा आहे.

११ मार्च

हौसिंगच्या ऑफिसातल्या बाबूने कागदांची यादी दिली. पैशांची काळजी नाही — काही ह्यांच्या फंडातून निघतील, बाकी हप्त्याने. फक्त ३१ तारखेपर्यंत ह्यांचं एक शपथपत्र हवं: "माझ्या किंवा पत्नीच्या नावे देशातल्या कुठल्याही शहरात घर नाही." सगळ्यात सोपा कागद! कचेरीबाहेरच्या टायपिस्टकडून करूनच आणलं. ह्यांची सही तेवढी राहिली.

१२ मार्च

"बघू," म्हणाले.

१४ मार्च

"बघू."

१७ मार्च

आज माझा तोल सुटला. म्हटलं, माझ्या चारूदादाकडे बघा. अण्णा गेले, दुकान बुडालं, पण भावाने कराडचं सोमवार पेठेतलं घर जाऊ दिलं नाही. आईच्या डोक्यावरचं छप्पर राखलं त्याने. ती अजून त्याच माजघरात बसून तांदूळ निवडते. आणि तुम्ही इंजिनियर असून एक सही करवत नाही तुमच्याने!

हे म्हणाले, "हो. चारूने चांगलं केलं." आणि गुलाबांना पाणी घालायला निघून गेले. भांडायला तरी माणूस समोर उभा राहावा की नाही?

२१ मार्च

शपथपत्र जेवणाच्या टेबलावर ठेवते. जेवण झालं की हे ते उचलून, न चुरगाळता, कपाटावर ठेवतात. सकाळी मी परत खाली काढते. आमच्या घरात सध्या एवढंच चाललंय.

हातात काही नाही माझ्या. पगार ह्यांचा, नाव ह्यांचं, सही ह्यांची. मी नुसती कागद वाहणारी.

२५ मार्च

होळी तोंडावर. शेजारी गुजिया तळतायत, मला कढई चढवायचीही इच्छा नाही.

शेवटी बोलले. पण काय बोलले! "शपथेवर खोटं लिहिणार नाही मी." मला आधी कळेचना. मग कळलं. म्हणजे ह्यांच्या नावावर घर आहे! कुठे? कोणाचं? कधी घेतलं? तर म्हणे, "विचारू नकोस. शब्द दिलाय."

कोणाला दिलाय शब्द? तीस वर्षं संसार केला मी ह्यांच्याबरोबर. नाही नाही ते मनात आलं. इथे लिहायचीसुद्धा लाज वाटते.

मग मी ओरडलेच. "विका ते घर! जे कोणी राहत असेल त्याला बाहेर काढा आणि विका!"

हे म्हणाले, "कल्पना, असं बोलू नये." शिवांगी दारात उभी होती. पोरीसमोर व्हायला नको होतं.

२८ मार्च

अबोला.

३० मार्च

शिवांगीने विचारलं, "पापा का किसी और से कुछ है क्या?" थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही. कारण तेच मी पंधरा वेळा स्वतःला विचारलंय.

३१ मार्च

ह्यांची ट्रंक उघडली. धोतराच्या फडक्यात बांधलेल्या घरपट्टीच्या पावत्या, अकरा वर्षांच्या. कराड, सोमवार पेठ, घर नंबर २१४. मालक म्हणून ह्यांचं नाव. तळाशी खरेदीखत. विकणार — चारूदादा. त्यात घडी घातलेलं आईचं पत्र: "जावईबापू, चारूने घर गहाण टाकलं होतं. तुम्ही सोडवलंत म्हणून मी घरात आहे. एवढं कल्पीला कळू देऊ नका. भाऊ तिच्या मनातून उतरेल."

चार वाजलेत. ऑफिस पाचला बंद होतं. शपथपत्र टेबलावर आहे, सहीची जागा कोरीच. हे बाहेर गुलाबांपाशी आहेत.

बाहेर काढा म्हणाले होते मी. आईला.