साक्षीला मिस्त्री नकोत

मी, खाली सही करणारा, वय एक्याऐंशी, डबघाईला आलेले कारखाने घेऊन, सावरून विकण्यात हयात घालवलेला, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. डोके शाबूत आहे. गुडघ्यांची हमी देत नाही.

राहते घर आणि बँकेतील ठेवी मुलीला. गुंतवणुकीची कंपनी मुलाकडे आधीच आहे. तो ती माझ्यापेक्षा चांगली चालवतो, हे तोंडावर सांगायला जड जाते, म्हणून इथे लिहिले.

माझ्या लग्नात मेहुण्यांनी मला 'भंगारवाला' म्हटले होते. पुढे त्यांचीच गिरणी मला घ्यावी लागली. त्यांना माझी चांदीच्या मुठीची काठी द्यावी. भंगारात बरा भाव येईल.

सर्व शेअर विकून येणारी रक्कम दवाखान्यांच्या न्यासाला. अट आधीच्या देणग्यांचीच: आधी रुग्णांच्या नातेवाइकांना पाठीच्या खुर्च्या, मग यंत्रे. लहानपणी मी तापाने फणफणलो होतो, तेव्हा आई दवाखान्याच्या भिंतीला टेकून दिवसभर उभी होती. ते आठवले की अजून जीव कासावीस होतो. माझ्या नावाची पाटी कुठेही नको.

या खुर्च्या बनतात तो कारखाना मी घेतलेला पहिला. घेतलेले विकायचेच, हा माझा नियम. पण सौद्याच्या दिवशी तिथल्या मिस्त्रींनी खुर्ची पुढे सरकवली. म्हणाले, "साहेब, आधी बसा तरी. कागद कुठे पळून जात नाहीत." बसलो तो अडकलोच. लाकडाच्या भुशाचा वास, चारचा चहा, पॉलिशच्या रंगावरून माझ्या पत्नीचे मिस्त्रींशी भांडण! फार सुखाचे दिवस होते. बाकी सगळे विकले, हा नाही विकला.

मुलगा म्हणतो, "बाबा, त्या जमिनीला सोन्याचा भाव आलाय. आता तरी विका." त्याची चूक नाही, शिकवण माझीच. तरी तो कारखाना जमिनीसह मिस्त्री आणि तिथल्या कामगारांना समान वाट्याने देत आहे. मुलाने मोडता घालू नये.

आज सकाळी मिस्त्री आले होते. मी काय लिहितोय हे कळताच खिशातले पेन काढून म्हणाले, "आणा इकडे, साक्षीला मी सही करतो." मी नको म्हटले.

"इतक्या वर्षांत माझी एवढीही पत नाही होय?" म्हणाले, आणि चहा तसाच ठेवून गेले. पण ज्याला वाटा मिळतो त्याने साक्षीदार व्हायचे नसते, असे वकिलांनी बजावले आहे. आणि कारण सांगितले असते, तर या माणसाने वाटाच नाकारला असता.

मिस्त्री, कारण हे होते. आता चहा घ्या.

ठिकाण: राहते घर, खिडकीजवळची तुमचीच खुर्ची
दिनांक: पाच मार्च
(सही)

साक्षीदार: घरचे डॉक्टर (सही), कोपऱ्यावरचे शिंपी (सही)
दोघांनाही यातून काही मिळणार नाही, हे त्यांना सांगितले आहे.