सरकलेली पानं

शुक्रवार, ३ मे

छापून आला! आणि वाट लागली!

'दोन वल्ही' या आमच्या चित्रकथेचा पहिला अंक. गोष्ट माझ्या मैत्रिणीची, मायतेची; चित्रं माझी. वर्षभर दोघी राबलो. लिझ आणि ओडा, जिवलग मैत्रिणी, म्यूज नदीवर एकमेकींविरुद्ध होडी वल्हवणाऱ्या — आणि शर्यतीच्या आदल्या दिवशी ओडा लिझची होडी फोडते. हा धक्का पान उलटल्यावरच बसायला हवा. उजव्या पानाच्या तळाशी लिझचा चेहरा, उलटलं की फुटलेली होडी. मायतेने अख्खी गोष्ट अशी पानं धरून लिहिली होती.

अंक कोरेंताँला दिला. भाऊ असला तरी खरं बोलतो. फ्राइज खात खात त्याने चाळला. "होडी फुटणार हे आधीच दिसतंय की. समोरच्याच पानावर आहे." वर जांभई!

मग माझ्या लक्षात आलं. सुरुवातीलाच एक पान आहे, जे ठरलंच नव्हतं. मी टाकून दिलेलं चित्र — धुक्यातला नदीकाठ, दोघी पाठमोऱ्या. शेवटचं कोरं पान काढून हे पुढे घुसवलंय. मधली सगळी पानं एकेक घर सरकली, उजवीकडची डावीकडे गेली. एकूण एक धक्के फुसके! आणि छापखान्यात फाइल पाठवली मायतेने.

फोन केला. "अगं गाढवे, पानं मोजता येत नाहीत का तुला?"

ती म्हणाली, "चित्र छान होतं गं." बस्स, एवढंच!

"उद्या मादाम जिल्सों येणार आहेत! प्रकाशक रोज दारात येतात का आपल्या?"

मी फोन ठेवून दिला.

शनिवार, ४ मे

म्हाताऱ्या फिर्मँच्या चित्रकथांच्या दुकानात आमच्या स्वाक्षऱ्या. बरीच रांग होती. पण इथे लोकांना सही नकोच असते, अंकात काढून दिलेलं चित्र हवं असतं. मी ओडा काढतेय, लिझ काढतेय, हात मोडायला आला. शेजारी मायते पेन घेऊन बसलेली. तिने काढायचं काय? नुसतं नाव लिहायचं. एका बाईने तर अंक तिच्यासमोरून उचलून माझ्याकडे सरकवला. मायते हसली. मला तिचं ते हसणं बघवेना — आणि रागही जाईना.

मायते कॉफी आणायला गेली तेवढ्यात मादाम जिल्सों आल्या. पहिलं पान उघडलं. त्यावरच किती वेळ थांबल्या! मग पुढची पानं भरभर.

"तुझ्या हातात कला आहे, पोरी. गोष्टीत मात्र दम नाही, सगळं आधीच कळतं. माझ्याकडे एक चांगला लेखक आहे. त्याच्याबरोबर काम करशील? उद्यापर्यंत कळव."

एक वाक्य बोलायचं होतं मला. मादाम, पानं सरकलीत, गोष्ट चोख आहे. एकच वाक्य! मूग गिळून बसले.

मायते आली. "काय म्हणाल्या?"

"काही नाही. बघू म्हणाल्या."

रविवार, ५ मे

चूक तिचीच आहे. तिचीच ना? मी थोडीच सरकवली पानं!

आई जेवायला हाक मारतेय. भूक नाही.

त्याच दिवशी, जेवणानंतर

मादामना कळवलं. हो.

सोमवार, ६ मे

मायतेचा निरोप. "इझालिन, अजून रुसलीयस? दुसऱ्या अंकाची सुरुवात सुचलीय. येऊ का?"

फोन पालथा घालून ठेवला.

मंगळवार, ७ मे

उरलेले अंक आणायला फिर्मँकडे गेले. मायतेवर तोंडसुख घेतलं — साधी पानं कळत नाहीत तिला! म्हातारा माझ्याकडे बघतच राहिला. "कळत नाहीत? अगं, ईस्टरला मीच बजावलं होतं तिला, पानं सरकतील, तुझी गोष्ट मरेल. तर म्हणते कशी, 'मरू दे. मादाम जिल्सों पहिल्या पानावरच काय ते ठरवतात, असं तुम्हीच म्हणालात ना? मग तिथे इझालिनचं चित्र हवं.'"