आजोबांची शीर

प्रिय आईस जयभीम,

जर्मनीतल्या ह्या वॉर्डात नातेवाईक थांबतच नाहीत गं. आंघोळ घालणं, भरवणं, सगळं आम्ही नर्स करतो. ठाण्याला नातेवाइकांना बाहेर काढताना मी दमायचे. ह्या लोकांना घरी कोण विचारतं, याचं मला फार कुतूहल वाटतं.

इथली नर्सिंगची परीक्षा पास होईपर्यंत मला सुई टोचायची परवानगी नाही. नऊ वर्षं आयसीयूत काढलेली मी सध्या उशा बदलते. पण जेवणखाण नीट आहे, काळजी करू नकोस.

काल एका आजोबांची शीर सापडेना. डॉक्टरबाईंनी तीनदा टोचलं, आजोबा रडकुंडीला आले. मी त्यांचा हात गरम फडक्यात गुंडाळला, बोटाने चाचपला आणि म्हटलं, "इथे बघा." सलाइन लगेच सुरू झालं.

"कुठे शिकलात?" बाईंनी विचारलं.

"ठाण्याला."

त्यांनी तिथेच मोबाइलवर नकाशा उघडला. मग मी त्यांना आपलं गाव टिटवाळाही दाखवलं.

तुझे गुडघे कसे आहेत? तिला सोडून आले म्हणून माझी पायल अजून माझ्यावर रुसलेली, फोनवर येतच नाही. म्हणून हे कागदावर लिहिलं. तू नातीला वाचून दाखव, आणि ती काय काय विचारते ते जसंच्या तसं मला कळव.

तुझी,
मेघाली