मठाची पायरी आणि हिरवा तंबू

रविवार, ७ जानेवारी २०२४. केलगेरी, धारवाड.
धारवाड ते गोकर्ण सायकल-रेसमध्ये नाव नोंदविले. चार दिवस, तीन मुक्काम. सोबत कोणास न्यायचे नाही. रात्रीचा निवारा ज्याचा त्याने पाहावा. वय सदुसष्ट हा अडथळा नसून तपश्चर्या आहे.
चिरंजीव प्रभंजन बंगळुराहून फोनवर म्हणाला, "अप्पा, गोकर्ण गाठलंत तर 'घर बंद करून इकडे या' हे परत बोलणार नाही." विषय संपला. विजय निश्चित असल्याने परसात आंब्याचे कलम लावले. एकादशी असल्यामुळे सराव नाही.

सोमवार, ८ जानेवारी.
द्वादशीच्या पारण्यानंतर सराव हितावह नसतो.
कौसल्येने दाजीबानपेठेतून हिरवा तंबू आणला. म्हणाली, "अहो, वाटेत पाठ धरली तर शेकायला कोण बसलंय?" नायलॉन सोवळ्यात चालते काय, याविषयी धर्मशास्त्र मौन आहे. मौन म्हणजे नकार. तरुण मंडळी ज्या पिशवीत गळ्यापर्यंत शिरून निजतात, ती पाहून तर मला तिरडीच आठवली. माझी योजना सोपी: तिन्ही रात्री मठ. ओसरी, विहीर, पंगत.

गुरुवार, ११ जानेवारी.
अनावश्यक भार म्हणून तंबू तुळशीमागे ठेवला. त्या जागेत सहाण, ताम्हण, पळी-पंचपात्र, धाबळी आणि गीताभाष्य बसले. सायकल आता उभी राहत नाही, भिंतीस टेकविली.
सराव: घर ते तळे, एकदा. चढ लागला तेथून परतलो. शक्ती राखून ठेवणे आवश्यक.

शुक्रवार, १२ जानेवारी. सायंकाळ, कलघटगीच्या पुढे.
थकलो. गुडघे माझे वाटत नाहीत. सकाळी आरंभरेषेवर हेमावती भेटली, तीही रेसमध्ये आहे. माझ्याकडे संस्कृत शिकलेली, आता बँकेत असते. "सर, टेंट यल्लि?" म्हणून तंबूची चौकशी केली. मठ म्हणालो. हसली. तेव्हा ते हसणे उथळ वाटले.
दिवस मावळताना मठ दिसला. व्यवस्थापक दारातून ओरडले, "बाळाचार्य, या या! पान वाढलंय, सार गरम आहे." पाय धुतले. उजवा पाय पायरीवर ठेवला, तोच प्रभंजनचा फोन. "अप्पा! मुलगा झाला! आजोबा झालात!"
डोळे भरून आले. मग लक्षात आले: नातू झाला म्हणजे मला दहा दिवस सोयर. मठात शिरणे नाही, पंगतीस बसणे नाही. तिन्ही मुक्काम एका फोनने गेले.
व्यवस्थापकांनी हळूच सुचविले, "आचार्य, इथे रेंज कुठे असते? फोन उद्या आला असं समजा."
साराचा वास येत होता. पाय खाली घेतला.

शनिवार, १३ जानेवारी. पहाट, बस थांबा.
भूमिशय्या ऋषींस मान्य होती. त्यांच्याखाली सिमेंट नसावे. धाबळी दवाने भिजली. बाकावर एक शेळी अगोदरपासून होती. ती उठली नाही. उशाला गीताभाष्य घेतले. अपराध झाला, शिवाय मानही धरली.
हेमावती मागून आली. "सर, माझ्या पिशवीत झोपा थोडं. मी बसते." नकार दिला. ती पिशवीत शिरून घोरू लागल्यावर निर्णयाचा फेरविचार केला.

त्याच दिवशी, दुपार. केलगेरी.
सायकल बसच्या टपावर, मी आत, शेवटच्या सीटवर. रेस सोडलेली नाही. स्थगित केली आहे. कौसल्येने पाठ शेकली. तुळशीमागचा तंबू तिने बंगळूरच्या सामानात बांधला.

मंगळवार, २३ जानेवारी. बंगळूर.
सोयर फिटले. आज बारसे. नातवाचे नाक माझे आहे. व्याह्यांकडची मंडळी मुक्कामास. दोन खोल्यांत पाय ठेवण्यास जागा नाही. सूनबाई संकोचून म्हणाली, "मामंजी, बाल्कनीत चालेल?" प्रभंजन म्हणाला, "थोडे दिवस, अप्पा." किती, ते कोणी सांगितले नाही. कलमाला पाणी घालण्यास शेजारच्या दुर्गव्वाला फोन केला.
तंबू लांबीस अपुरा आहे. पाय तुळशीच्या कुंडीपर्यंत जातात. नायलॉनविषयी शास्त्र मौन आहे. मौन म्हणजे संमती.
चेन आतून लागत नाही. ती बाहेरून कौसल्या लावते.