पांढऱ्या कागदावरचा नीलम

पुणे, ३ फेब्रुवारी २०२५

ती. अण्णाराव काकांस भुवनेश्वरीचा शि. सा. न. काकूंना आपल्या रीतीने शरणु-शरणार्थी.

फोनवर तुम्ही अर्धं ऐकता आणि उरलेलं स्वतःच ठरवता, म्हणून पत्र. महेश्वरदादाबरोबर माझ्या लग्नातल्या अंगठीचा खडा पाठवते आहे. सिलोनचा नीलम, हलका निळा.

घरातल्या प्रत्येक मुलीचा खडा तुम्ही निवडलात. हा मी निवडला. व्यापाऱ्याने सात मांडले होते. दोन खड्यांच्या पोटातून खालचा कागद दिसत होता, उथळ कापलेले. एकात राखाडी झाक. एक दिव्याखाली देखणा, खिडकीपाशी नेला तर विझला. हा मात्र दिव्याखाली, सावलीत, उन्हात निळाच राहिला. तिरका केला की आत उजेड सरकतो. मी तो पुन्हा पुन्हा तिरका करत बसले. तुम्ही हसाल.

महिनाअखेरीपर्यंत परत करता येईल. तुमच्या होकाराशिवाय घालणार नाही.

खडा कसाही निघो, लोभ आहे तसा ठेवा.

आपली,
भुवनेश्वरी

सोलापूर, ९ फेब्रुवारी २०२५

चि. भुवनेश्वरीस अ. उ. आ.

खडा पाहिला. दुकानाच्या पायरीवर, सकाळच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर. चाळीस वर्षं असाच पाहतो. कापणी चांगली आहे. पण यात निळा नाही. मातकट काच आहे. सर्टिफिकेट वाचलं, रंग कागदाला दिसत नाही, डोळ्याला दिसतो. असे खडे मी किती वर्षं परत पाठवत आलो.

नीलम मोरपिसासारखा हवा. माझ्या पेटीतला देतो. हा परत कर.

तुझी काकू म्हणते की पोरीचा खडा लई गोड हाय, आभाळागत. नीलम मानवतो का बघायला तिने तो तीन रात्री उशाखाली ठेवला आणि घोरत झोपली. आता तिलाच दुकानात बसवावी म्हणतो.

सोमवारी, १७ तारखेला, उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढणार आहेत. काळजी नको. दादा महिनाअखेरीस पुण्याला येईल, त्याच्याबरोबर खडा देतो.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

अण्णाराव

पुणे, १३ फेब्रुवारी २०२५

ती. काकांस शि. सा. न.

पत्र दोनदा वाचलं. व्यापाऱ्याला कळवलं आहे, खडा परत येईल. पेटीतला कोणताही द्या, मी घालीन. आवडला का, एवढं विचारू नका.

डोळ्याला पाणी लागू देऊ नका. काकूंना सांगा की त्यांच्याकडे मी नोकरीला येईन.

रुसवा माझ्याकडे ठेवते. लोभ तुमच्याकडे असू द्या.

आपली,
भुवनेश्वरी

सोलापूर, २४ फेब्रुवारी २०२५

चि. भुवनेश्वरीस अ. उ. आ.

मंगळवारी पट्टी सोडली. समोर दवाखान्याची भिंत होती. इतका पांढरा रंग मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. मग तुझ्या काकूचं इरकल. नवं कधी घेतलंस, असं मी विचारलं. ती म्हणाली की आठ वर्षं झाली, हेच नेसतेय की.

दुसऱ्या सकाळी पायरीवर बसलो. कागदावर तुझा खडा ठेवला. उजवा डोळा झाकून डाव्याने पाहिला. चहात बुडवलेली काच. मग डावा झाकला.

निळा होता. कागदावरही त्याचा थोडा उजेड पडला होता. मी उन्हाकडे पाठ केली, तरी होता. गिऱ्हाईक आलं, उभं राहिलं, गेलं. मला उठवेना. एवढा निळा जगात होता आणि मी त्याला काच म्हणत होतो.

डॉक्टर सांगतात की मोतीबिंदू पिवळट असतो, निळा तो आधी गिळतो. पेटीतले माझे मोरपंखी खडे त्याच कागदावर ओतले. निळा दिसावा म्हणून मी गडद तेवढेच निवडत गेलो, बहुतेक काळे आहेत.

खडा परत जाणार नाही. व्यापाऱ्याला आजच कळव. कोंदण मागून उघडं ठेवायला सोनाराला सांगितलं आहे, उजेड आत जाईल. तू नीट पाहिलंस, पोरी.

एक गोष्ट राहते. तीन वर्षांपूर्वी वैरागच्या दानम्माबाई त्यांच्या आईची कर्णफुलं पारखून घ्यायला आल्या होत्या. दोन हलके निळे खडे. मी काच म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. रुमालात गुंडाळून उठल्या. आणखीही कोणी असतील. मला त्या आठवतात.

काकू म्हणते की इतक्यात एस.टी.चा प्रवास नको. परवा वैरागला जातो. खडे राहिले असतील तर उन्हात धरून पाहीन. नसतील तर मी चुकलो, एवढं सांगून येईन.

तुझा लोभ मी गृहीत धरतो. या वयात तेवढी मुभा दे.

अण्णाराव